एंटर दाबला की ओळ तुटावी की नाही?

खुंटा
रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

माझ्या आईने तिच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. वही म्हणजे किराणा दुकानातून दिवाळीला मिळायची ती खिशात मावणारी डायरी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गच्च भरलेली. तीनशेच्या आसपास ओव्या आहेत. आईला जाऊन दोन वर्षं झाली. यंदाच्या दिवाळीत घरातल्या सगळ्यांना त्याची छोटी पुस्तिका द्यायची आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवायची असं मी आणि मावशीने ठरवलंय.

भाचा म्हणाला, मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच छोट्या खुणा देऊन मांडणी ठरवायची पद्धत) टाइप कर, त्यातून वेबपान पण होतं आणि पीडीएफ पण. महिनाभर रोज रात्री बसून मी सव्वाशे ओव्या टाइप केल्या. वहीत ओळ संपली की एंटर, असा सरळ हिशोब. काल पहिल्यांदा पीडीएफ काढली, तर सगळ्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या. मी लिहिलं होतं असं:

दळण सरलं बाई
उजाडलं अंगणात
भाऊ येईल गं माझा
पहिल्या पावसात

आणि आलं असं:

दळण सरलं बाई उजाडलं अंगणात भाऊ येईल गं माझा पहिल्या पावसात

सव्वाशेच्या सव्वाशे अशाच. उपाय तर हवाच आहे, पण मला कारणही समजून घ्यायचंय. मी एंटर दाबला याचा अर्थ मला तिथे ओळ तोडायची आहे, एवढं साधं का कळू नये? दोन एंटर दिले तर नवा परिच्छेद होतो. मग एका एंटरने काय घोडं मारलंय? तुमच्या मते हे कसं असायला हवं?


दगडफूल
रविवार, रात्री ९.२२

सोपं आहे ताई. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोनदा स्पेसबार दाबा आणि मग एंटर. मार्कडाउनमध्ये ओळ तोडायची ती खूण आहे.


मिरचीभजी
रविवार, रात्री ९.२५

व्हॉट्सअॅपवर एंटर म्हणजे एंटर. पुस्तिका तिथेच काढा, गावभर पोचेल पण लवकर :)

विनोद बाजूला. ओवी फार गोड आहे. अजून येऊ द्या.


खुंटा
सोमवार, सकाळी ७.०५

दगडफूल, धन्यवाद. काल रात्री बसून वीस ओव्यांना दोन-दोन स्पेस दिल्या. पीडीएफ काढली, झकास आली. आनंदाने झोपले. सकाळी फाइल उघडून पुढचं काम सुरू केलं, परत पीडीएफ काढली, तर त्या वीसही ओव्या पुन्हा चिकटलेल्या. फाइलमध्ये शोधलं तर स्पेस गायब. मी पुसल्या नाहीत, देवाशप्पथ.


निवडुंग
सोमवार, सकाळी ८.४०

तुम्ही नाही, तुमच्या एडिटरने पुसल्या. बऱ्याच एडिटरांत फाइल सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा छाटून टाकायची सोय असते. प्रोग्रॅमर लोक ती मुद्दाम चालू ठेवतात, कारण शेपटाच्या स्पेस म्हणजे कचरा असं आम्हाला शिकवलेलं असतं. गिटमध्ये, म्हणजे फाइलमधले बदल नोंदवणाऱ्या आमच्या साधनात, तर तसा बदल लाल रंगात दाखवतात. भाच्याने स्वतःचं सेटिंग तुमच्या मशीनवर टाकलं असणार. एडिटरकॉन्फिगची (एडिटरची सेटिंगं ठेवणारी) फाइल असेल तर त्यात मार्कडाउनपुरती ही छाटणी बंद करून घ्या.


लिंबलोण
सोमवार, सकाळी १०.१५

म्हणजे बघा. जी खूण डोळ्यांना दिसत नाही, छापून काढली तर कागदावर उमटत नाही, कॉपी-पेस्ट करताना गळून पडते आणि एडिटर जिला कचरा समजून झाडून टाकतो, तिच्यावर एका बाईच्या महिनाभराच्या कष्टाचा भार टाकलाय. हे चुकीचं आहे आणि ते चुकीचं आहे असं स्पष्ट म्हणायला पाहिजे.

माझं मत: एंटर म्हणजे एंटर. लिहिणाऱ्याने ओळ तोडली तर ती तुटलीच पाहिजे. मी शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना वेबपान करायला शिकवताना दर वर्षी पहिल्याच तासाला हाच प्रश्न येतो. मुलं स्वतःचा पत्ता पाच ओळींत लिहितात आणि ब्राउझर तो एका ओळीत दाखवतो. मुलांच्या चेहऱ्यावर 'माझं काय चुकलं' असं येतं. त्यांचं काहीच चुकलेलं नसतं.


टाकबोरू
सोमवार, दुपारी १.३०

लिंबलोण ताई, तुमचा राग रास्त आहे, पण नियम उगाच आलेला नाही. जरा मागे जावं लागेल. पोस्ट लांबेल, सांभाळून घ्या.

पूर्वी पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरं मावायची आणि बरेचसे एडिटर ओळ आपणहून मोडत नसत. त्यामुळे लिहिणारा दर सत्तरेक अक्षरांनी स्वतः एंटर मारायचा. तो एंटर मजकुराचा नव्हता, पडद्याच्या रुंदीचा होता. छापताना कागद वेगळ्या रुंदीचा, म्हणून यंत्राने ते सगळे एंटर विसरून मजकूर नव्याने भरायचा. युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीवरचं रॉफ, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडणारा प्रोग्रॅम, हेच करायचं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथने सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पुस्तकांची मांडणी करणारं टेक् केलं, त्यातही ओळीचा शेवट म्हणजे एक स्पेस, आणि मधे रिकामी ओळ आली तर नवा परिच्छेद. वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलने तोच संस्कार उचलला: स्पेस, टॅब, एंटर कितीही द्या, सगळ्यांची मिळून एक स्पेस.

मार्कडाउन जॉन ग्रूबरने २००४ मध्ये आणलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ईमेल होती. ईमेलमध्ये लोक हातानेच ओळी मोडत, उद्धृत मजकुराच्या प्रत्येक ओळीआधी कोनाची खूण लावत. प्रत्येक एंटर पाळला असता तर त्या सगळ्याचा चिवडा झाला असता. म्हणून त्याने दोन स्पेसचा आडमार्ग काढला.

आणि कवितेचा विचार केलाच नव्हता असंही नाही. टेक् मध्ये ओबेलाइन्स अशी आज्ञा आहे. ती दिली की तिथून पुढे प्रत्येक ओळ जशीच्या तशी तुटते. एचटीएमएलच्या नियमावलीत तर ओळ तोडणाऱ्या बीआर टॅगबद्दल स्पष्ट म्हटलंय की ओळ तुटणं हा मजकुराचाच भाग असेल तिथेच तो वापरायचा. आणि उदाहरणं कोणती दिलीत? कविता आणि पत्ता. खुंटा ताईंची ओवी आणि तुमच्या मुलांचा पत्ता, दोन्ही त्या एका वाक्यात आहेत.


लिंबलोण
सोमवार, दुपारी २.०५

८० अक्षरांचा पडदा कधीच गेला हो. आता फोनपासून भिंतीवरच्या टीव्हीपर्यंत सगळीकडे ओळ आपोआप मोडते. विनाकारण एंटर मारणारं आता कोण उरलंय? गिटहबवर (प्रोग्रॅमर आपलं काम ठेवतात ते संकेतस्थळ) चर्चेत प्रतिसाद लिहिताना एंटर म्हणजे ओळ तुटते, कारण सामान्य माणूस तसंच लिहितो हे त्यांना कळलं. मग बाकीच्यांनी जुनं ओझं का वाहायचं?


निवडुंग
सोमवार, दुपारी २.३०

मी मारतो की :) आणि मी एकटा नाही.

मी सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहितो, मराठीतही आणि इंग्रजीतही. आम्ही प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करतो. कारण एक शब्द बदलला तर बदलांच्या यादीत तेवढं एकच वाक्य दिसतं, अख्खा परिच्छेद रंगत नाही. भाषांतर करणाऱ्यालाही वाक्यासमोर वाक्य लावता येतं. युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात ब्रायन कर्निघनने हाच सल्ला दिला होता, म्हणजे पन्नासेक वर्षांची रीत आहे. उद्या प्रत्येक एंटर पाळला गेला तर माझं प्रत्येक पान चारोळ्यांचं दिसेल.

आणि गंमत म्हणजे गिटहबवरच प्रतिसादात एंटर पाळतात, पण तिथेच ठेवलेल्या मार्कडाउन फाइलमध्ये पाळत नाहीत. एकाच ठिकाणी दोन नियम. नवीन माणूस चक्रावतोच.


टंकयंत्र
सोमवार, सायंकाळी ६.५०

मी निवृत्त टंकलेखक. कॉम्प्युटरमधलं मला फारसं कळत नाही, पण एंटरचं कळतं, कारण त्याच्या आजोबांशी माझा चाळीस वर्षांचा सहवास.

मशीनवर ओळीचा शेवट जवळ आला की टिण् करून घंटी वाजते. मग पाचसहा अक्षरांची जागा राहते. तेवढ्यात निर्णय घ्यायचा, शब्द बसतो की खालच्या ओळीत न्यायचा. मग डाव्या हाताने दांडा ओढायचा. त्या एका दांड्यात दोन कामं व्हायची: गाडा पुन्हा सुरुवातीला यायचा आणि रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा. परिच्छेद सुरू करायचा तर पाच स्पेस सोडायच्या.

मजकुराचा दांडा आणि कागदाचा दांडा असे दोन नव्हते. पत्त्याच्या शेवटी ओढायचो तोच, आणि वाक्याच्या मधोमध घंटी वाजली म्हणून ओढायचो तोही तोच. फरक फक्त माझ्या डोक्यात असायचा. पण साहेबाने मसुदा वेगळ्या कागदावर पुन्हा टाइप करायला दिला की मी घंटीचे दांडे विसरायचो आणि पत्त्याचे पाळायचो. कुणी शिकवावं लागलं नाही.


टाकबोरू
सोमवार, सायंकाळी ७.१०

टंकयंत्र काका, दंडवत! अख्खा वाद तुम्ही चार ओळींत मांडलात.

तुम्ही म्हणता ती दोन कामं पुढे टेलिप्रिंटरमध्ये दोन वेगळी चिन्हं झाली, गाडा मागे आणणारं आणि कागद सरकवणारं. ती दोन्ही अजून जिवंत आहेत. विंडोजच्या मजकुरात ओळीच्या शेवटी दोन्ही लागतात, युनिक्सवर फक्त दुसरं, जुन्या मॅकवर फक्त पहिलं होतं. १९९८ मध्ये एक्सएमएल (मजकुराला टॅग लावून साठवायची पद्धत) आलं तेव्हा त्यांना नियमच करावा लागला की वाचताना या तिन्हींचं एकच चिन्ह करून घ्यायचं.


कळफलक
सोमवार, रात्री ८.००

या सगळ्यात मला सर्वांत हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. १९९९ मध्ये ईमेलसाठी एक मानक आलं, फॉरमॅट फ्लोड नावाचं (२००४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली). टंकयंत्र काका डोक्यात ठेवायचे तो फरक त्यांनी मजकुरातच नोंदवला. ओळीच्या शेवटी एक स्पेस असेल तर ही ओळ फक्त रुंदीसाठी मोडली आहे, पुढच्या ओळीला जोडून घ्या. स्पेस नसेल तर ओळ खरोखर संपली.

आता मार्कडाउनकडे बघा. तिथे शेवटी दोन स्पेस असल्या की ओळ खरोखर संपली, नसतील तर जोडून घ्या. बरोब्बर उलट! आणि सुधारित आवृत्ती आणि मार्कडाउन दोन्ही २००४ चीच. माझ्या एका ईमेलमधला मजकूर मार्कडाउनमध्ये चिकटवताना मी यात असा अडकलो होतो की दोन तास काय चाललंय ते कळेना.

म्हणून माझं मत लिंबलोण ताईंच्या अर्ध्या बाजूने. फरक नोंदवा, पण दिसेल अशा खुणेने नोंदवा. न दिसणाऱ्या खुणेवर दोन माणसांचं एकमत होत नाही, आणि झालं तरी टिकत नाही.


दगडफूल
सोमवार, रात्री ८.१०

दिसणारी खूण आहे की. २०१४ मध्ये कॉमनमार्क ही मार्कडाउनची नेमकी नियमावली आली, त्यात ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ \ दिली की ओळ तुटते. दोन स्पेस सुचवल्या ही माझी चूक, आधीच हे सांगायला हवं होतं. फक्त परिच्छेदाच्या अगदी शेवटच्या ओळीला देऊ नका, तिथे ती रेघ तशीच छापली जाते.


सदाफुली
सोमवार, रात्री ९.४५

थोडं अवांतर होतंय, पण मुद्रितशोधनात रोज भोगते म्हणून लिहिते.

मराठीत कित्येक जण प्रश्नचिन्हाआधी जागा सोडतात. 'कुठे गेला होतास ?' असं. हाताने जुळवणी करायचे तेव्हा चालून जायचं, कारण जुळवणारा माणूस ते चिन्ह एकटं खाली जाऊ द्यायचा नाही. आता ओळ यंत्र मोडतं. त्याला स्पेस दिसली की तिथे मोडायची मुभा मिळाली. मग 'होतास' वरच्या ओळीत आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नुसतं प्रश्नचिन्ह. परवा एका कथासंग्रहाच्या मुद्रितात अशी सतरा चिन्हं सापडली. जागा सोडूच नका. सोडायचीच असेल तर न तुटणारी स्पेस वापरा. एचटीएमएल ती गिळत नाही आणि तिथे ओळही मोडत नाही.

दुसरं, 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यातला अर्धा र. हा दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन. दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. या दुसऱ्या पद्धतीतलं चिन्ह काही सॉफ्टवेअर 'रिकामी जागा' समजून साफ करतात. मग 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो आणि रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो. एका स्मरणिकेत असे शेकडो शब्द मी हाताने दुरुस्त केलेत. ते चिन्ह रिकामी जागा नाही, अक्षराचा अवयव आहे. मोकळी जागा कुठली आणि अक्षर कुठलं हे ठरवणाऱ्याने एकदा तरी मराठी मजकूर समोर घ्यावा, एवढंच माझं मागणं आहे.


मिरचीभजी
सोमवार, रात्री ९.५५

सदाफुली ताई, 'कर्या' नावाचा मित्र आहे माझा. त्याचं नाव मात्र कुठलंही सॉफ्टवेअर बिघडवू शकत नाही :))


सदाफुली
सोमवार, रात्री १०.०२

हा हा. त्याला म्हणावं भाग्यवान आहेस.


शिरोरेघ
मंगळवार, सकाळी ६.३०

रात्री धागा वाचला आणि झोपेतही तोच घोळत होता.

मी मोडी कागद वाचतो. मोडीत लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं टांगत जायचा. शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. कागद संपला की खाली, मग शब्द अर्धा राहिला तरी बेहत्तर. ओळ पूर्णपणे कागदाची. तिचा मजकुराशी काही संबंध नाही.

पोथ्यांतही तसंच. ज्ञानेश्वरीची हस्तलिखितं बघा. ओवी ओळीच्या मधेच संपते आणि तिथे ॥ असे दोन दंड आणि ओवीचा आकडा येतो. पुढची ओवी त्याच ओळीत सुरू. ओळ कागदाची, दंड ओवीचा. कळफलक म्हणतात ती दिसणारी खूण आपल्याकडे होतीच. ओवी आपापल्या ओळींत सुटी मांडायची रीत छापखान्यांनंतर रुळली.

जुने कागद एक्सएमएलमध्ये उतरवताना आम्ही टीईआय नावाची पद्धत वापरतो. त्यात दोन वेगळे टॅग आहेत. एल म्हणजे काव्याची ओळ. एलबी म्हणजे मूळ कागदावर इथे ओळ संपली एवढीच नोंद. आणि शब्द मधेच तुटला असेल तर त्या एलबीवर 'शब्द तुटलेला नाही' असंही नोंदवता येतं. एकाच ठिकाणी दोन्ही असू शकतात, किंवा एकच. कवी आणि कागद यांची गल्लत होत नाही. वाचायला प्रत काढताना एलबी लपवायचे, मूळ पानाशी ताडून बघायचं तर दाखवायचे.

आता खुंटा ताईंना एक विचारायचंय. तुमच्या ओवीत 'अंगणात' आणि 'पावसात' यांचं यमक जुळतंय. पण 'बाई' आणि 'माझा' इथेही ओळ तुटली आहे. डायरी खिशात मावणारी होती असं तुम्ही लिहिलंय. वहीतल्या सगळ्याच ओळी ओवीच्या आहेत का हो? की त्यातल्या काही डायरीच्या आहेत?


लिंबलोण
मंगळवार, सकाळी ७.१५

बाप रे. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.


खुंटा
मंगळवार, दुपारी १२.२०

शिरोरेघ दादा, तुमचा प्रतिसाद वाचून वही काढली आणि ऑफिसला उशिरा गेले.

सव्वाशे ओव्या टाइप करताना मी ही गोष्ट पाहिलीच नाही. हे बघा, वहीत असं आहे:

काळ्या वावराची माती
पायाला लागली माय
म्हणे लेकी हळू
चाल सांज होऊन गेली

मी हे जसंच्या तसं चार ओळींत टाइप केलंय. आता मोठ्याने म्हणून बघितलं तर ते असं आहे:

काळ्या वावराची माती पायाला लागली
माय म्हणे लेकी हळू चाल, सांज होऊन गेली

'लागली माय' अशी ओळ आईने कधीच म्हटली नसती. तिथे पान संपलंय. पान धरून बघितलं तर 'माय'चा य अगदी काठाला टेकलाय, काना-मात्रा दाबून बसवल्यासारखा. डायरीला उजवीकडे समासच नाही. आई कागद वाया जाऊ द्यायची नाही.

म्हणजे मी ज्या ओळी वाचवायला धडपडत होते त्यातल्या निम्म्या दुकानदाराच्या डायरीच्या आहेत.


टाकबोरू
मंगळवार, दुपारी १२.४५

ताई, वाईट वाटून घेऊ नका. हीच जागा आहे जिथे 'एंटर म्हणजे एंटर' असं डोळे झाकून म्हणता येत नाही. जुन्या पीडीएफमधून मजकूर कॉपी करणाऱ्या प्रत्येकाला हेच भेटतं, दर ओळीच्या शेवटी एंटर. ते सगळे पाळायचे म्हटलं तर पानाची रुंदी जन्मभर गळ्यात.


लिंबलोण
मंगळवार, दुपारी १.१०

मान्य. पण माझी बाजू पूर्ण सोडत नाही. माणूस आपल्या हाताने नवीन लिहितोय तिथे एंटर पाळा. दुसरीकडून उतरवून घेतोय तिथे विचारा. आणि ओळी गिळायच्याच असतील तर पडद्यावर लिहितानाच दाखवा की गिळणार आहे. महिनाभराने पीडीएफमध्ये नको. खुंटा ताईंना पहिल्या रात्री दिसलं असतं तर त्यांनी पहिल्या रात्रीच वहीकडे नीट बघितलं असतं.


कळफलक
मंगळवार, दुपारी १.२५

हे मात्र शंभर टक्के.


निवडुंग
मंगळवार, दुपारी २.४०

कामाचं सांगतो. तुम्ही पीडीएफ पँडॉकने, म्हणजे फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, काढत असाल (भाच्याला विचारा) तर त्यात काव्यासाठी वेगळी सोय आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ | आणि एक स्पेस द्यायची. ती ओळ तशीच्या तशी राहते. तुमची ओवी अशी होईल:

| काळ्या वावराची माती पायाला लागली
| माय म्हणे लेकी हळू चाल, सांज होऊन गेली

ओळ फार लांब झाली आणि फाइलमध्ये खाली न्यायची असेल तर पुढची ओळ रेघेऐवजी स्पेसने सुरू करा, ती आधीच्या ओळीला जोडली जाते. म्हणजे कवीची ओळ आणि कागदाची ओळ दोन्ही लिहिता येतात आणि दोन्ही डोळ्यांना दिसतात. कुठलाही एडिटर उभी रेघ झाडून टाकत नाही.


शिरोरेघ
मंगळवार, दुपारी ३.००

दंडच की तो! फक्त शेवटाऐवजी सुरुवातीला आलाय.


वडाची_पारंबी
मंगळवार, सायंकाळी ५.१५

मराठी विकिस्रोतावर काम करते म्हणून भर घालते. विकीवर पोएम नावाचा टॅग आहे, त्यात मजकूर ठेवला की एंटर पाळले जातात. नवीन मंडळी तो न वापरता ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस देऊन बघतात, मग ती ओळ करड्या चौकटीत टंकयंत्राच्या अक्षरांत येते आणि ते घाबरतात. एक स्पेस इतकी महाग पडू नये.

खुंटा ताई, पुस्तिका झाल्यावर वहीची पानंही स्कॅन करून ठेवा. समासाला टेकलेला तो य जपायला हवा.


खुंटा
शनिवार, रात्री १०.३०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण वही पहिल्यापासून परत वाचत होते.

शेवटी असं केलं. वहीची झेरॉक्स काढली आणि पेन्सिलीने ओवी संपते तिथे दोन दंड, ओळ संपते तिथे एक दंड मारत गेले, पोथीसारखं. मग फाइलमध्ये निवडुंगांनी सांगितल्याप्रमाणे उभ्या रेघांनी उतरवलं. आता मधेच एंटर मारून पुढची ओळ स्पेसने सुरू केली तरी फरक पडत नाही, रेघ असेल तिथेच ओळ. एडिटर दोनदा बंद करून उघडला, काही हललं नाही. स्कॅनही सुरू केलंय, पारंबी ताई.

पण चाळीसएक ओव्या अशा निघाल्या की यमकावरून ठरेना. पहिलीच घ्या, 'दळण सरलं बाई' इथे थांबायचं की नाही? वहीत तिथे ओळ तुटलीय, पण त्या पानावर काठाशी अजून दोन शब्द मावतील एवढी जागा मोकळी आहे. म्हणजे कागद संपला म्हणून तोडलेली नाही.

काल रात्री मावशीला फोन लावला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, जातं माळ्यावर टाकून तिला तीसेक वर्षं झाली असतील. म्हटलं, ही जरा म्हणून दाखव. ती म्हणाली, नुसती नाही येत गं, हात फिरल्याशिवाय. मग तिने स्टीलचं ताट उपडं टाकलं आणि त्यावर पालथी वाटी गोल फिरवत म्हणायला लागली. वाटीचा आवाज फोनवर स्पष्ट येत होता. 'दळण सरलं बाई' म्हणाली आणि थांबली. वाटी एक पूर्ण फेरा फिरली. मग 'उजाडलं अंगणात'.

मी तिथे दंड दिला.

पुढच्या ओळीत 'माझा'नंतर ती थांबली नाही. 'भाऊ येईल गं माझा पहिल्या पावसात' एका दमात गेलं. म्हणून ती ओवी आता तीन ओळींची झाली आहे:

| दळण सरलं बाई
| उजाडलं अंगणात
| भाऊ येईल गं माझा पहिल्या पावसात

बाकीच्या ओव्यांसाठी पुढच्या रविवारी तिच्याकडे जातेय. जातं माळ्यावरून उतरवायला भाच्याला सोबत नेतेय.


टंकयंत्र
शनिवार, रात्री १०.५०

छापून झाली की एक प्रत मलाही हवी. पोस्टाचा खर्च मी देईन.